डोह कुणाला दाखवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं नदीकाठ पालथा घातल्यावर एक डोह हाती लागला, तिथे चांगले मासे लागतायत, त्यातला एक फोटो चार जणांत गेला आणि आता रोज कुणीतरी लोकेशन मागतंय. सांगावं तर जागा जाईल, न सांगावं तर माणसं दुखावतील. मी तीसहून अधिक वर्षं गळ टाकतोय, नदीत आणि समुद्रावरही, आणि या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी चुकलोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा दाखवा, पण सोबत चालत जाऊन. फोनवरून पिन पाठवू नका, सख्ख्या भावालाही नाही. आणि काही जागा अशा असतात की त्या सोबत नेऊनही दाखवायच्या नसतात.

यातली कुठली जागा कुठल्या प्रकारात मोडते हे ठरवायला मी एकच गोष्ट बघतो: इथून एक मासा काढला तर त्याची जागा घ्यायला दुसरा कधी येणार?

समुद्रातल्या खडकाळ टोकावर उधाणाच्या भरतीला बारीक माशांचे थवे काठाला लागतात आणि त्यांच्या मागे शिकारी मासे येतात. तुम्ही पकडला तो मासा सकाळी तिथे नव्हता, आणि उद्याच्या भरतीला येणारा आज कुठेतरी मैलभर लांब आहे. अशी जागा खुशाल सांगा. तसंही तिथलं खरं गुपित वेळेत असतं. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत त्याच खडकावर दिवसभर उभं राहिलं तरी हाती काही लागत नाही, आणि कुठली भरती, कुठला वारा, पाणी किती गढूळ हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. मोठ्या धरणाच्या जलाशयाचंही बऱ्याच अंशी तसंच.

डोहाची गोष्ट अगदी वेगळी. पाणी आटत गेलं की नदीची धार तुटते आणि मासे खोल डोहात अडकतात. पुढचा पूर येईपर्यंत आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. तिथून एक काढला तर एक कमी झाला, इतका सरळ हिशेब.

अशा डोहात मोठे मासे किती असतात, हे एकदा मोजून पाहा. ऊन डोक्यावर आलं की वरच्या खडकावर पालथं पडायचं, टोपी कपाळावर ओढायची आणि हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं फक्त दगड दिसतात. मग एक दगड शेपटी हलवतो. मी असाच एका डोहावर तीन दुपारी मोजायला बसलो होतो आणि हाताच्या कोपरापेक्षा लांब असे अकरा महाशीर मोजले होते. बाहेरून पाहणाऱ्याला तो डोह माशांनी भरलेला वाटायचा, कारण बारकी पिलं पृष्ठभागावर सतत उड्या मारायची. मोठे मात्र अकराच.

ती जागा मी एका मित्राला फोनवर सांगितली. तो भला माणूस होता, आजही आहे. त्याने दोघांना सांगितली, तीही भली माणसं. त्या दोघांनी आपापल्या दोघा-तिघांना. कुणीही जाळं लावलं नाही, कुणीही थैल्या भरून नेल्या नाहीत, प्रत्येकाने एखादाच मासा नेला. पुढच्या पावसाआधी मी त्याच खडकावर पालथा पडलो तेव्हा दोन उरले होते. काठावरच्या करंजाच्या फांदीला नायलॉनचं जाळंच झालं होतं, आणि त्यात एक खंड्या पंखाने अडकून उलटा लटकत होता. जिवंत होता. पकडीने दोरा कापताना तो माझ्या बोटाला चोच मारत राहिला. त्या डोहात पुन्हा अकरा झालेले मी अजून पाहिलेले नाहीत.

ही गोष्ट सांगतोय कारण जागा सांगताना आपण माणसाचा स्वभाव तपासतो. हा हावरट नाही ना, हा कचरा टाकत नाही ना. त्याने फारसं काही साधत नाही. नऊ संयमी माणसं एका हंगामात अकरातले नऊ मासे नेऊ शकतात, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की आपण फक्त एकच घेतला. ज्याला सांगतो त्याचा हेतू कितीही चांगला असो, तो किती गळ सोबत आणणार हे त्याच्या हेतूवर ठरत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो, पण तिथे अजूनही मस्त चावे मिळतात.’ यानेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. मासे कमी होत जातात तसे उरलेले चांगल्या जागी गोळा होतात, आणि चांगली जागा आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे तासाला किती चावे हा आकडा शेवटपर्यंत छान दिसतो आणि मग एकदम कोसळतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा असाच संपला. उरलेला कॉड दाटीवाटीने एकत्र येत होता आणि मोठ्या ट्रॉलरना तो सापडतही होता, म्हणून आकडे बरे दिसत होते. किनाऱ्याजवळ छोट्या होड्या घालणारे मच्छीमार मात्र मासा लहान आणि विरळ होत चालल्याचं आधीपासून ओरडून सांगत होते. जुलै 1992 मध्ये कॅनडा सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. तो प्रचंड व्यावसायिक धंदा होता, आपला त्याच्याशी काय संबंध, असं वाटेल. पण 2002 मध्ये कॅनडातल्याच संशोधकांनी तळ्यांमधल्या हौशी गळवाल्यांचा अभ्यास मांडला तेव्हा तिथेही हेच होत असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. शेकडो छोटी तळी एकेक करून शांतपणे रिकामी होतात. एक संपलं की आपण दुसऱ्यावर जातो, त्यामुळे ते ऱ्हास म्हणून कुणाच्या डोळ्यावरच येत नाही.

दुसरं उत्तर असतं, ‘आम्ही पकडून सोडून देतो.’ चांगलंच करता, मीही बहुतेक सोडतो. पण सोडलेला मासा पहिल्यासारखा राहत नाही. थकेपर्यंत झुंजवलेल्या रेनबो ट्राउटवर 1992 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्याबाहेर अजिबात न काढलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंद धरलेल्यांपैकी 72 टक्के. प्रत्येक जातीला हेच आकडे लागू होणार नाहीत, पण एक मिनिट म्हणजे किती ते लक्षात घ्या. फोटोसाठी मासा उचलायचा, तो निसटतो, पुन्हा उचलायचा, मित्र म्हणतो थांब बोट लेन्सवर आलं, एवढ्यात मिनिट संपतं. एका माणसाने महिन्यातून एकदा हे केलं तर डोह सोसतो, रोज कुणीतरी करत असेल तर कसा सोसणार?

शिवाय मासा शिकतो. नेदरलँड्समधल्या ब्युकेमा या संशोधकाने 1970 मध्ये दाखवलं की कार्प जातीचा मासा एकदा गळाला लागून सुटला की पुढे कित्येक महिने गळाला सहसा धजत नाही. पाइक हा शिकारी मासा फिरत्या चकतीच्या खोट्या आमिषाला असाच एकदा फसून शहाणा होतो, जिवंत आमिषाला मात्र पुन्हा फसतो. म्हणजे एकही मासा न मारता फक्त गर्दीनेही जागा निकामी होते. तुमच्या डोहातले मासे आज निर्धास्तपणे चावतायत, त्याचं मोठं कारण त्यांनी आजवर फारसे गळ पाहिलेले नाहीत हेच आहे.

आता ज्या जागा कुणालाच दाखवू नयेत, त्यांच्याबद्दल. यात मी कुठलीही सूट देत नाही.

पहिल्या म्हणजे विणीच्या जागा. कॅरिबियन समुद्रात केमन बेटांमधल्या लिटिल केमनजवळ नासाऊ ग्रूपर हा मासा हिवाळ्यातल्या पौर्णिमांच्या सुमारास एकाच ठिकाणी हजारोंनी जमतो, अंडी घालण्यासाठी. 2001 मध्ये मच्छीमारांना ती जागा सापडली. तेव्हा तिथे अंदाजे 7000 मासे होते. दोन हंगामांत त्यातले सुमारे 4000 पकडले गेले. एका बेटाच्या आसपासचा सगळा संसार एका ठिकाणी जमला होता आणि त्याचा पत्ता फुटला, एवढंच झालं. 2003 मध्ये तिथे बंदी आली, पुढे नियम आणखी कडक झाले, आणि बऱ्याच वर्षांनी ती संख्या तिपटीहून अधिक वाढल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. जागा ठाऊक झाल्यामुळेच ती राखता आली, हेही यात आहे. त्याकडे पुढे येतो.

नदीत एवढे मोठे जमाव नसतात, पण मूळ गोष्ट तीच. मरळ पिलांना राखते. लालसर पिलांचा गोळा पाण्यावर खदखदताना दिसतो आणि खाली आई-बाप पहारा देत असतात. त्या गोळ्यावरून खोटा बेडूक ओढला की मरळ हमखास झडप घालते. ती भुकेने झडप घालत नाही, पिलं वाचवायला येते. तो चावा मिळवण्यात कसलंही कौशल्य नाही, आणि राखणदार उचलला की आसपासचे मासे काही वेळातच पिलं साफ करतात. असा गोळा दिसला तर रॉड खाली ठेवा आणि ही जागा हंगाम संपेपर्यंत कुणापाशीही काढू नका. खाडीतल्या जिताड्याचं आणखी वेगळं. तो आधी नर असतो आणि वाढत गेला की मादी होतो, त्यामुळे ज्या कपारीत फक्त मोठाले जिताडे मिळतात तिथे जवळपास सगळ्या माद्याच असतात. त्या कपारीचं लोकेशन वाटलं तर पुढच्या पिढीची अंडीच वाटली.

दुसऱ्या म्हणजे कडक उन्हातला आसरा. पाणी 10 अंश सेल्सिअसला असताना लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, 30 अंशांना जेमतेम साडेसात. पाणी तापतं तसा माशाचा श्वासही वाढतो, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मग मासे एखाद्या झऱ्याच्या तोंडाशी, गार ओहोळ मिळतो तिथे, दाट सावलीत दाटीने उभे राहतात. तिथे गळ टाकला की लगेच लागतो. पण तो मासा आधीच धापा टाकतोय. तुमचा डोह अशा प्रकारचा असेल, आणि वर्णनावरून तसाच वाटतोय, तर पाणी उतरल्यापासून नवा पूर येईपर्यंत स्वतःही तिथे गळ टाकू नका. बघायला जरूर जा.

तिसरी गोष्ट छोटी पण महत्त्वाची. दुसऱ्याने दाखवलेली जागा आपली नसते. ज्याने दाखवली त्याला विचारल्याशिवाय ती पुढे द्यायची नाही. वाटाडे पैसे घेऊन जागा दाखवतात, त्यांच्यासोबत गेलात तरी हेच. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

इथवर वाचून मी गुपिताच्या बाजूचा वाटेन. मी तसा होतो. एका ओढ्याचा तुकडा मी सतरा वर्षं कुणालाही दाखवला नाही. बायकोलाही दिशा चुकीची सांगायचो. मग एका वर्षी वरच्या अंगाला कुणीतरी कसलंतरी सांडपाणी सोडलं. मी पोचलो तेव्हा पाण्याला साबणासारखा फेस होता आणि मासे पोट वर करून कडेला लागले होते. तक्रार करायला गेलो तर समोरच्या माणसाने विचारलं, ‘तिथे मासे होते याला पुरावा काय?’ नव्हता. एकही फोटो मी कुणाला दिलेला नव्हता, दुसरा एकही साक्षीदार नव्हता. ज्या पाण्यावर कुणीच जात नाही, त्या पाण्यासाठी ओरडणारंही कुणी नसतं. गर्दीने जागा मरते हे मी शिकलो होतो. एकट्याने सांभाळलेली जागाही मरते, हे तिथे शिकलो, आणि ते मला जास्त लागलं.

पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलेलं मत असं, की सामायिक कुरण सगळ्यांना मोकळं सोडलं की ते ओरबाडलं जाणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामायिक पाणी, जंगलं, मासेमारीची ठिकाणं तपासून दाखवलं की तसं व्हायलाच हवं असं नाही. जिथे वापरणारी माणसं एकमेकांना ओळखतात, कुणी आत यायचं हे ठरलेलं असतं, नियम त्यांनी स्वतः बनवलेले असतात आणि मोडणाऱ्याला जाब विचारला जातो, तिथे सामायिक गोष्टी पिढ्यानपिढ्या टिकतात. याच कामासाठी 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. गळ टाकणाऱ्यांना यातून घेण्यासारखं एवढंच की ‘मी एकटा’ आणि ‘अख्खं जग’ यांच्यामध्ये ‘आम्ही चौघं’ नावाची एक जागा आहे. डोह तिथे ठेवावा.

माझे असे आता दोन तुकडे आहेत, आम्हा पाच जणांत. एका दिवशी दोनच रॉड. पाणी तुटलं की बंद. कोण गेला, किती वाजता, पाण्याची पातळी कुठल्या दगडापर्यंत, काय लागलं, किती लांबीचं, सोडलं की ठेवलं, हे सगळं एका वहीत. पाचांपैकी कुणालाही सहावा आणायचा असेल तर आधी बाकी चौघांना विचारायचं. ही वही आम्ही माशांवर काम करणाऱ्या एका अभ्यासकाला दाखवली आहे, अचूक जागेसकट, ती पुढे जाहीर करायची नाही या बोलीवर. जागा राखणाऱ्याला, मोजणाऱ्याला जरूर सांगावी. उद्या तिथे काही घडलं तर आमच्याकडे लिखित पुरावा आहे.

तुमचे मित्र खरं तर तुमच्याकडे दोन गोष्टी मागतायत, आणि त्यातली एक तुम्ही मोकळ्या हाताने देऊ शकता. पाणी कसं वाचायचं, हे. ते लपवण्यासारखं काहीही नाही. वेगवान धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे फेसाची एक बारीक रेघ धरते. मासा त्या रेघेच्या संथ बाजूला तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, कारण तिथे ताकद लागत नाही आणि खाणं समोरून वाहत येतं. आमिष धारेत टाकायचं आणि ते आपोआप रेघ ओलांडून आत येऊ द्यायचं. मोठ्या दगडाच्या पुढच्या अंगालाही पाणी दबून एक निवांत गादी होते, बहुतेक जण दगडाच्या फक्त मागेच टाकतात. हे ज्याला एका नदीवर दिसलं त्याला दहा नद्यांवर दिसेल, आणि मग तो तुमचा डोह मागणार नाही, स्वतःचा शोधेल. मला एका काकांनी असंच शिकवलं. पहिले चार महिने त्यांनी माझ्या हातात रॉडच दिला नाही, फक्त काठावर बसवून ‘आता मासा कुठे असेल?’ असं विचारत राहिले. त्यांच्या जागा मी आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत.

सोबत न्यायचं ठरलं तर आणखी एक काळजी. बूट, जाळी, बादल्या एका पाण्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा. न्यूझीलंडमध्ये 2004 मध्ये डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि नद्यांचे तळ त्याच्या जाड थरांनी झाकले जाऊ लागले. ओल धरून ठेवणाऱ्या फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या, तळव्यांच्या बुटांवर तिथे 2008 मध्ये बंदी आली.

राहिला तुमचा फोटो. तो आजच पुन्हा उघडा आणि पार्श्वभूमी बघा. डोंगराची कडा, विजेचा खांब, पुलाची कमान, वेगळ्या आकाराचा दगड यांतलं काही दिसत असेल तर जाणकार माणूस उपग्रहाचा नकाशा उघडून तासाभरात तिथे पोचतो. माझी एक जागा पाण्यातल्या वाकड्या झाडाच्या प्रतिबिंबावरून ओळखली गेली होती. फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश नोंदले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ते सहसा निघून जातात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसेच्या तसे समोरच्याकडे पोचतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. यापुढे मासा पाण्यातच ठेवून, वरून, अगदी जवळून फोटो घ्या. मागे फक्त पाणी दिसतं, आणि मासाही हवेत राहत नाही.

मित्रांना खोटं सांगू नका. भलत्याच डोहाचं नाव सांगितलंत तर तिथले मासे विनाकारण मरतील आणि मैत्रीही जाईल. सरळ म्हणा, ‘लोकेशन देणार नाही, पण पाऊस होऊन पाणी निवळलं की पहाटे माझ्यासोबत चल.’ जो खरोखर येईल आणि पहिल्या दिवशी काही लागलं नाही तरी दुसऱ्यांदा येईल, त्यालाच त्या डोहापर्यंत न्या. आणि निघण्याआधी त्याच्या फोनचं लोकेशन बंद आहे की नाही, तेवढं त्याच्यासमोरच पाहून घ्या.